संसाराबाहेरचे पाचारण

श्रोते बंधुभगिनींनो, सलाम.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपल्याकडील पुष्कळ मंडळ्यांत मातृदिनाची उपासना होते. उपदेश संपला की पाळकसाहेब सर्व मातांना उभे राहण्यास सांगतात, संडे स्कूलची मुले बाकांमधून फिरत प्रत्येकीच्या हाती गुलाबाचे फूल देतात, आणि ज्या बसून राहिलेल्या असतात त्या उगीचच गीतपुस्तकाची पाने चाळू लागतात. हे कोणी दुष्टपणाने करत नाही. मंडळीचे वर्षच मुळी बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न आणि पुन्हा नव्या बाळाचा बाप्तिस्मा अशा क्रमाने चालते, आणि त्या क्रमात जे बसत नाहीत त्यांना सांगण्यासाठी आपल्यापाशी एकच वाक्य तयार असते : प्रभूच्या वेळेची वाट पाहा. पस्तिशी उलटलेल्या मुलीला ते ऐकवले जाते, आणि लग्नाला बारा वर्षे झालेल्या निपुत्रिक जोडप्यालाही तेच. मी स्वतः अविवाहित आहे, त्यामुळे थोडे मोकळेपणाने बोलते. आपले आयुष्य अजून सुरूच व्हायचे आहे असे ज्याला सतत सांगितले जाते, त्याला आपले पाचारण, म्हणजे देवाने आपल्याला ज्या कामासाठी बोलावले ते, ओळखता येत नाही. विवाहिताला त्याची माणसे संसारात आपोआप मिळतात. आपल्याला ती ठरवून पत्करावी लागतात, आणि हेतूचा शोध तेथूनच सुरू होतो.

हन्ना, सारा आणि अलीशिबा यांच्या कथा आपण निपुत्रिकांना इतक्या वेळा ऐकवल्या आहेत की त्या जणू हमीपत्रेच झाल्या आहेत. पण शमुवेल, इसहाक आणि बाप्तिस्मा करणारा योहान यांच्या जन्मामागे तारणाच्या इतिहासातील विशिष्ट कार्य होते, आणि प्रत्येक प्रार्थना करणाऱ्या जोडप्याच्या घरी पाळणा हलेल असे वचन त्या कथांत कोठेही नाही. याउलट यशयाच्या 56 व्या अध्यायात, ज्यांना मूल होणे शक्यच नाही अशांना उद्देशून देव बोलतो, आणि आपल्या मंदिरात व आपल्या तटाच्या आत मुलामुलींहून उत्तम असे नाव त्यांना देण्याचे वचन देतो. तो त्यांना मूल देऊ करत नाही, त्यांचे दुःखही खोटे ठरवत नाही. आपल्या घरातली जागा देतो. हा अध्याय मातृदिनाच्या उपासनेत वाचला गेलेला मी अजून ऐकलेला नाही.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 7 व्या अध्यायाचेही असेच होते. तो अविवाहित राहण्याची शिफारस करतो एवढेच आपण लक्षात ठेवतो, आणि तुमच्या गळ्यात फास अडकवावा म्हणून मी हे सांगत नाही असे तो त्याच ओघात म्हणतो ते मात्र विसरतो. अविवाहिताचे मन विभागलेले नसते, हा त्याचा मुद्दा. पण न विभागलेले मन म्हणजे रिकामे मन नव्हे. पौलाच्या पत्रांच्या शेवटी आलेली नावांची लांबलचक यादी पाहा. ज्याला पत्नी नव्हती त्याला माणसे किती होती, हे तेथे कळते, आणि तीमथ्याला तो विश्वासातले आपले लेकरू म्हणतो ते काही सभ्यतेखातर नव्हे.

प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपे मला याहूनही जवळचे वाटते. क्लौद्य कैसराच्या हुकुमाने रोम सोडावे लागलेली ही दोघे करिंथात तंबू करण्याचा धंदा करत होती, आणि पौल त्यांच्याच घरी राहून तोच धंदा करू लागला. पुढे इफिसात अपुल्लोस नावाचा मोठा वक्ता आला. त्याचे ज्ञान अपुरे आहे हे या दोघांच्या ध्यानात आले, तेव्हा त्यांनी त्याला भर सभेत टोकले नाही. आपल्याजवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक बारकाईने समजावून सांगितला. त्यांना मुले होती की नव्हती, हे शास्त्र सांगत नाही. त्यांच्या घरी कोण राहिले, कोण शिकले आणि कोणती मंडळी जमत असे, तेवढे मात्र आवर्जून सांगते.

आता आपल्याच मातीतली उदाहरणे घेऊ. 1866 साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, पण तेव्हा ते विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नसल्यामुळे ती हाती पडण्यास आणखी तीस वर्षे जावी लागली. त्या आजन्म अविवाहित राहिल्या. 1904 पासून त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे अज्ञान वारस व विधवा यांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे, नेमणुकीवर होत्या. पडदानशीन विधवांना पुरुष वकिलासमोर येता येत नसे, आणि त्यांच्या इस्टेटीवर कारभारी व नातलग टपलेले असत. अशा स्त्रियांकडे कॉर्नेलियाबाई थेट अंतःपुरात जात, त्यांचे गाऱ्हाणे ऐकत, कागदपत्रे पाहत आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचीही सोय लावत. त्यांचे राजकारण मला मुळीच पटत नाही, इंग्रजी राज्याची त्यांनी केलेली पाठराखण तर नाहीच. पण त्या स्त्रियांची नावे, गावे, भांडणे आणि मुले त्यांना पाठ होती, हे नाकारता येत नाही. त्यांची बहीण सूझी सोराबजी याही अविवाहित. पुण्याची सेंट हेलेनाज शाळा ही त्यांची उभारणी.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमाबाई यांचे आयुष्य असेच गेले. त्यांनी परदेशी शिक्षण घेतले होते, इंग्रजी उत्तम होते, आणि हव्या त्या शहरात त्या सुखाने राहू शकल्या असत्या. पण त्यांनी आईच्या संस्थेत अध्यापन पत्करले, अंध मुलींच्या शिक्षणासाठी ब्रेल शिकून घेतली, आणि पुढे गुलबर्ग्याला शाळा काढली. 1921 मध्ये, चाळिशीतच, त्या वारल्या. या तिघींत स्वभावाचे साम्य फारसे नाही. मात्र आपल्याला काय आवडते हा प्रश्न त्यांनी फार काळ चघळला नाही. समोर कोण उभे आहे ते पाहिले आणि त्या माणसांशी स्वतःला बांधून घेतले.

येथे मंडळीलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. "तुला काय, एकटीच तर आहेस" असे म्हणून नाताळची सजावट, सुट्टीतल्या बायबल शाळेचा स्वयंपाक आणि दानपेटीचा हिशेब अविवाहितांच्या गळ्यात घातला जातो, आणि पंचकमिटीची निवडणूक आली की तेच नाव कोणाला आठवत नाही. कॅथलिक बांधवांत सिस्टर आणि फादर यांना मान आहे. पण वसईच्या एखाद्या घरात भावाच्या संसाराला हातभार लावणारी अविवाहित शिक्षिका तेथेही कोणत्याच खान्यात बसत नाही. फुकट राबणे म्हणजे पाचारण नव्हे. ज्या कामात निर्णयाचा अधिकार नाही आणि नाही म्हणण्याची मुभा नाही, ते नम्रपणे परत करावे.

ज्यांना मूल वाढवण्याची आस आहे त्यांच्यासाठी एक वाट आता बरीच मोकळी झाली आहे. दत्तकाचा स्वतंत्र कायदा ख्रिस्ती समाजाला नव्हता. 1890 च्या कायद्यान्वये फक्त पालकत्व मिळे आणि मूल सज्ञान झाले की तेही संपे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार मात्र कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला, अविवाहितालाही, रीतसर दत्तक घेता येते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही, एवढा अपवाद आहे.

आणि ज्यांनी ती वाट घेतली नाही, त्यांनी मृत्युपत्राचा विचार लांबणीवर टाकू नये, कारण आपण कोणासाठी जगलो हे कागदावर न लिहिल्यास ते कायदाच ठरवतो. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे निपुत्रिक ख्रिस्ती पुरुष मृत्युपत्राविना वारला, तर इतर रक्ताचे नातलग हयात असताना पत्नीला मिळकतीचा अर्धाच वाटा मिळतो, आणि उरलेला अर्धा कदाचित वर्षानुवर्षे दारात न आलेल्या चुलतभावाकडेही जातो. ज्या मुलीची फी आपण भरली, जी शेजारीण रात्री औषध घेऊन धावली, किंवा जे वसतिगृह आपण मनाने आपले मानले, त्यांचा त्या वाटणीत उल्लेखही नसतो. पूर्वी जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसावर धर्मादाय कार्याला मिळकत देताना जाचक अटी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली ते कलम रद्द केले. तेव्हा आपले मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करावे, आणि ज्यांना काही द्यायचे आहे त्यांना साक्षीदार करू नये, कारण साक्षीदाराला किंवा त्याच्या पतीपत्नीला दिलेले दान या कायद्याने बाद ठरते.