मंगळावरचा हिवाळा

20 जुलै 1976. नासाचं व्हायकिंग-1 हे यान मंगळाच्या क्रिसे मैदानावर उतरलं. त्याच्या दाबमापकावर पहिल्या दिवसांपासूनच हवेचा दाब थोडा थोडा उतरताना दिसू लागला. उपकरण ठणठणीत होतं. मंगळावरची हवाच कमी होत चालली होती.

दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा होता. तिथल्या ध्रुवावर तापमान उणे 125 अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं. मंगळाच्या हवेत सुमारे 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. एवढ्या थंडीत तो थेट गोठतो आणि जमिनीवर साचतो. ऊन तापलं, की पुन्हा हवेत मिसळतो.

पडद्यावरची ही रेषा बघा. वर्षभरात दाब सुमारे 7 ते 9 मिलिबारच्या दरम्यान फिरतो. तिथला हिवाळा जवळजवळ पाव वातावरण खाली उतरवतो! रेषेला खळगे दोन आहेत, दोन्ही ध्रुवांच्या हिवाळ्यांचे, पण दक्षिणेचा जास्त खोल. मंगळाची कक्षा लांबट आहे. दक्षिणेचा हिवाळा येतो तेव्हा मंगळ सूर्यापासून 24.9 कोटी किलोमीटरपर्यंत दूर जातो. त्यामुळे तो हिवाळा लांबतो आणि जास्त हवा गोठते. उलट दक्षिणेच्या उन्हाळ्यात मंगळ सूर्याच्या जवळ येतो. धुळीची मोठी वादळं बहुतेक त्याच सुमारास उठतात.

व्हायकिंग-1 नं 1982 पर्यंत, म्हणजे तीन मंगळवर्षांहून जास्त काळ काम केलं. दर वर्षी रेषेनं जवळपास तेच वळण घेतलं. एवढी उलथापालथ होऊनही हे हवामान आपली घडी मोडत नाही, हे मला फार विलक्षण वाटतं.

पण ही घडी अवलंबून आहे मंगळाच्या आसाच्या कलावर. आज तो 25 अंश आहे. 1993 मध्ये जाक लास्कार आणि फिलिप रोब्युटेल या खगोलशास्त्रज्ञांनी गणितानं दाखवलं, की लाखो वर्षांत तो 0 ते 60 अंशांपर्यंत कुठेही भरकटू शकतो. 60 अंशांवर ध्रुवांना वर्षाकाठी विषुववृत्तापेक्षा जास्त ऊन मिळेल, आणि तिथलं बर्फ विषुववृत्ताकडे सरकेल. आर्सिया मॉन्स हा ज्वालामुखी विषुववृत्ताजवळ आहे. त्याच्या पश्चिम उतारावर जुन्या हिमनद्यांच्या खुणा सापडल्या आहेत.

पृथ्वीचा कल मात्र चंद्राच्या ओढीनं सावरलेला आहे. 41,000 वर्षांच्या फेऱ्यात तो 22.1 ते 24.5 अंशांमध्येच हलतो. तरी कल कमी झाला, की उत्तरेकडचे उन्हाळे सौम्य होतात, हिवाळ्यातलं बर्फ पुरतं वितळत नाही आणि थरावर थर चढत जातात. हिमयुगांच्या येण्या-जाण्यात या दोन-अडीच अंशांचा मोठा वाटा आहे.