जिप्सीला मोठे टायर: पत्रा कुठं कापायचा, किती कापायचा

(गाळ्याच्या दारात उभं राहून. मागे जिप्सी, चाकं काढलेली.)

काय भावांनो, बरं हाय न्हवं? आज कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं बोलतोय. मागं लेथ चाललीय, तो आवाज काय थांबणार नाही, तेवढं चालवून घ्या.

ही मारुतीची जिप्सी किंग. मडगार्डवर खडूची रेघ दिसते का? इथनं पत्रा कापायचाय. ही रेघ ओढायला आम्हाला दीड दिवस लागला. कापायला वीस मिनिटं पुरतील. आणि कापून झाल्यावर जे काम उरतं, त्याला अजून दोन दिवस. बहुतेक व्हिडिओत फक्त त्या वीस मिनिटांच्या ठिणग्या दिसतात. म्हणून मी आधीचं आणि नंतरचं सांगतो.

गणित सोपं आहे. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, आतली रिम १५ इंची. त्याचा उभा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. आपण घालतोय २३५/७५ आर १५, तो भरतो ७३३ च्या आसपास. फरक ६५ मिलिमीटर, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, साधारण ३३ मिलिमीटर. उरलेले तेवढेच वरच्या बाजूला, चाकावरच्या पत्र्याच्या कमानीत घुसतात. शिवाय टायर ३० मिलिमीटरनं रुंद झाला, ते वेगळंच.

आता लगेच कुणीतरी म्हणणार, "मग गाडी उंच करायचं लिफ्ट किट टाक की, कापतोस कशाला?" भावा, लिफ्टनं गाडी उभी असताना जागा दिसते. पण राधानगरीच्या बाजूला लाल चिखलात एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर गेलं, की दगडावरच्या चाकाचा पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंग, पूर्ण दबतो आणि धुरा बंप स्टॉपला, म्हणजे त्याला वर अडवणाऱ्या ठोकळ्याला, जाऊन टेकतो. त्या वेळी लिफ्ट असली काय आणि नसली काय, टायर तिथंच पोचतो. बंप स्टॉप लांब केला तर पोचणार नाही, खरं आहे, पण मग चाकाची हालचालच कमी केली. ज्यासाठी जिप्सी घेतली, तेच बांधून टाकलं. आणि लिफ्ट जास्त केली की गाडीचा तोल वर जातो, धुऱ्याला ताकद देणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकच्या नळ्या ताणतात. माझं मत विचाराल तर थोडी लिफ्ट, थोडं कापणं. नुसती उंच जिप्सी फोटोत लई भारी दिसते, तिरक्या उतारावर पोटात गोळा आणते.

(खाली बसून, चाकाच्या कमानीकडे बोट.)

मग टायर नेमका जातो कुठं? हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. मी पहिल्या वेळी ठरवलं होतं. गाडी सपाट फरशीवर, स्टेअरिंग इकडं तिकडं फिरवून बघितलं, कुठं घासत नाही, झालं. मग मागं चार माणसं आणि सामान भरून गगनबावड्याच्या वाटेला लागलो आणि एका वळणावर करकर आवाज. उतरून बघतो तर कापलेल्या पत्र्याच्या कडेनं टायरची बाजू सोललेली. ती कड मी घासून गुळगुळीतही केली नव्हती. नव्या टायरचे पैसे गेले, वर स्टेपनी जुन्या मापाची!

या वेळी काय केलं बघा. पाट्यांच्या गठ्ठ्यातला फक्त मुख्य पाटा ठेवला, बाकीचे काढले. आता धुरा जॅकनं सहज वर घेता येतो, अगदी बंप स्टॉपला टेकेपर्यंत. टायरच्या खांद्यावर ओला चुना लावला. हो, पानाचाच. धुरा वर घ्यायचा आणि तिथं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. जिथं चुना उमटला, तिथं टायर येतो. खोटं बोलायचा प्रश्नच नाही.

डावं चाक घ्या. स्टेअरिंग डावीकडं पूर्ण फिरवलं की टायरची पुढची कड बाहेर येते, ती बंपरच्या कोपऱ्याला लागते. मागची कड आत जाते, ती पाट्याला लागते. उजवीकडं फिरवलं की उलटं, मागची कड बाहेर येऊन मडगार्डच्या खालच्या मागच्या टोकाला, म्हणजे दाराच्या पुढ्यात. आणि पाटा सपाट होतो तसा लांबतो, त्यामुळं धुरा वर जाताना शॅकलच्या, म्हणजे पाट्याच्या हलत्या टोकाच्या, बाजूलाही सरकतो. म्हणून कमानीचा नवा आकार जुन्या आकाराची मोठी झेरॉक्स नसते, तो एका बाजूला ओढलेला असतो.

पाट्याला घासतंय म्हणून चाकामागं स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाकून चाक बाहेर काढणारे पुष्कळ. पाट्याची अडचण मिटते, पण चाक जितकं बाहेर, तितका वळताना त्याचा फेरा मोठा. आत वाचवलेलं बाहेर कापावं लागतं, बेअरिंगवर ताण येतो तो वेगळा. त्यापेक्षा चाक किती वळेल ते अडवणारा स्टेअरिंगचा स्टॉप बोल्ट थोडा बाहेर घ्या. गाडी वळायला जास्त जागा घेईल, घेऊ दे.

चुन्याच्या खुणेपासून २५ मिलिमीटर मोकळे ठेवून रेघ ओढली. एवढं कशाला? टायरच्या खाचांत चिखल भरतो, आपला लाल चिखल तर खरवडल्याशिवाय निघतच नाही. फरशीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकार कापला, तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लावला. पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, त्यामुळं भीती वाटत असेल तर भंगारातलं एखादं आणून त्यावर हात बसवा.

मागं मात्र हात जपून. मागच्या कमानीला बहुतेक गाड्यांत दोन पत्रे असतात, बाहेरचा आणि आतला, आणि ते कडेला स्पॉट वेल्डिंगनं जोडलेले. ती कड कापली की दोन्ही सुटतात, मधे फट पडते. माझ्या जुन्या गाडीत एका कारागिरानं ती फट लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली होती. वरून रंग मारला, दिसायला एकदम झकास. एका पावसाळ्यात लांबीची खपली निघाली आणि आत मुठीएवढा चिखल साठलेला. पत्रा बोटानं मोडत होता.

बरोबर पद्धत अशी. बाहेरचा पत्रा रेघेवर कापायचा. आतला लगेच कापायचा नाही, त्याला कडेपासून पाकळ्यांसारख्या चिरा द्यायच्या, एकेक पाकळी हातोडीनं वळवून बाहेरच्या पत्र्याला भिडवायची आणि सीओटू वेल्डिंगनं टाके मारायचे. आर्क नको, इतक्या पातळ पत्र्याला भोकं पडतात. टाके एका जागी सलग मारू नका, पत्रा तापून वाकडा होतो. इकडं एक, तिकडं एक. मग घासून साफ, एपॉक्सी प्रायमर, शिवणीवर सीलर, त्यावर खडी सोसणारं रबरी कोटिंग. या क्रमातलं काही गाळलं तर गंज तुम्हाला शोधत येईल.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. पेट्रोलची नळी कमानीजवळनं जाते का, ते हात घालून बघा. आणि काचेवर ओलं पोतं टाका, ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात, पुसून जात नाहीत. डोळ्यांवर चष्मा हे सांगायला लागू नये, पण शेजारी उघड्या डोळ्यांनी ग्राइंडर मारणारे बघतोय, म्हणून सांगतो.

टायर बाहेर डोकावत असेल तर कमानीच्या कडेला फ्लेअर, म्हणजे बाहेर आलेली झालर, लावा, नाहीतर मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर खडी. फ्लेअर आणि पत्रा यांच्यामधे रबराची पट्टी पाहिजेच.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, नोंदणीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. ही गाडी शेतात आणि ट्रॅकवर चालते, तिथं ट्रकवर घालून नेतो. रोज ऑफिसला जायची गाडी असेल तर कंपनीनं त्या मॉडेलला दिलेल्या मापातच राहा, कापाकापी विसरा.

आणि एक, मोठ्या टायरवर मीटर वेग कमी दाखवतो. या मापाला काटा ६० वर असेल तर गाडी ६६ नं पळतेय. ब्रेकलाही जोर जास्त लागतो, ते पहिल्याच उतारावर कळेल.

गाडी बाहेर काढली की पहिल्या चिखलानंतर चटई उचला आणि कमानीच्या आतल्या बाजूनं हात फिरवा. ओलं लागलं तर शिवण कुठंतरी सुटलीय, तेवढी जागा घासून पुन्हा सीलर. दर पावसाळ्याच्या तोंडाला एकदा.

(बाहेरून हाक.)

आलो, आलो! ग्राइंडर शेजारच्या गाळ्यातला आहे, परत मागतायत. आधी कापून घेतो.