अर्ध्या दिवसात भरलेली भिंत

(कॅमेऱ्याकडे पाहत, सावकाश)

अज्जं गओ त्ति, अज्जं गओ त्ति, अज्जं गओ त्ति गणिरीए।
पढम च्चिअ दिअहद्धे कुड्डो रेहाहिं चित्तलिओ॥

पुन्हा एकदा ऐका. अज्जं गओ. आज गेला. कानाला परकं वाटलं का? कुड्ड म्हणजे भिंत. कोकणात कुडाची भिंत म्हणतात ना, तोच कूड. रेहा म्हणजे रेघा. ही महाराष्ट्री प्राकृत आहे, आपल्या मराठीची पूर्वज.

नमस्कार. आज मला तुम्हाला या दोन ओळींपाशी थोडं थांबवायचं आहे.

नवरा प्रवासाला निघून गेलाय. किती दिवस झाले हे कळावं म्हणून बायको भिंतीवर रेघ ओढते. दिवसाला एक, असा साधा हिशोब. पण हिला राहवत नाही. ‘आज गेला’ म्हणते, एक रेघ. पुन्हा ‘आज गेला’, पुन्हा रेघ. आणि पहिल्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत, अख्खी भिंत रेघांनी चितारून जाते. संपली कविता. ती रडली का, नवरा परत आला का, काहीही सांगितलेलं नाही.

माझे वडील मस्कतला नोकरीला होते. दोन वर्षांनी एकदा यायचे. आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे कॅलेंडर टांगलेलं असायचं आणि आई त्यावर रोज पेन्सिलीनं एक रेघ मारायची. दुधाचा हिशोब आहे असं मला माहीत होतं. त्या कॅलेंडरकडे मी शेवटी परत येणार आहे.

(पडद्यावर: गाथासप्तशती)

ही गाथा ज्या संग्रहातली आहे त्याचं नाव गाथासप्तशती. सातशे गाथा, प्रत्येक दोन ओळींची, स्वतंत्र. संग्राहक म्हणून नाव येतं हाल या सातवाहन राजाचं. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे गोदेकाठचं आपलं पैठण. संग्रहाच्या सुरुवातीलाच म्हटलंय की कविवत्सल हालानं कोटीभर गाथांमधून या सातशे निवडल्या. कोटी हा आकडा अर्थातच कौतुकाचा आहे. गाभा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानतात, पुढे काही शतकं त्यात भर पडत आणि बदल होत गेले. वेगवेगळ्या हस्तलिखितांत वेगवेगळ्या गाथा सापडतात. सगळ्या परंपरांमध्ये समान अशा साधारण ४३० भरतात. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडितानं १८७० आणि १८८१ मध्ये या संग्रहातल्या गाथा छापून अभ्यासकांपुढे आणल्या. मराठीत स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली विस्तृत प्रस्तावनेसह मोठं काम केलं. जुन्या ग्रंथालयात मिळालं तर ते जरूर उघडा.

कवींच्या नावांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी बायकांची नावंही येतात. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे खेड्यातल्या बायकांचे थेट शब्द आहेत असं समजू नका. खेड्याबद्दल लिहिणारे यातले बरेच कवी दरबारी, जाणकार होते असं अनेक अभ्यासक मानतात. मलाही तसंच वाटतं. पण त्यांनी बघितलं मात्र फार जवळून.

माझ्या मते सगळं त्या बघण्यातच आहे.

जुन्या काव्याबद्दल, पुराणकथांबद्दल बोललं की हमखास प्रश्न येतो: यातून आज काय शिकायचं? मग रामायणातून नेतृत्वाचे धडे, महाभारतातून करिअरचे नियम असं काढत बसायचं. मला हे मनापासून पटत नाही. भिंत रेघांनी भरणारी ती बाई आपल्याला कसलाही धडा देत नाही. विरह कसा सोसावा हे तिला स्वतःलाच कळलेलं नाही. पण विमानतळावरून घरी परतल्यावर अर्ध्या तासात तीन वेळा फोनवर ‘लास्ट सीन’ बघणारी जी कोणी आहे, तिला या दोन ओळी भेटल्या की तिचा वेडेपणा एकटीचा राहत नाही. गोदावरीच्या खोऱ्यात दोन हजार वर्षांपूर्वी तो कुणीतरी पाहिला होता, त्याला हसला नव्हता, आणि जपून ठेवण्याइतका मोलाचा मानला होता.

आता दुसरी गाथा. ही मला सगळ्यात जास्त छळते.

गरिबाचं घर आहे. घरधनीण गरोदर आहे. नवरा विचारतो, तुला काय खावंसं वाटतं? मूळ शब्द आहे दोहल. डोहाळे! आपण आजही तोच शब्द वापरतो, डोहाळजेवणाच्या पत्रिकेत छापतो. तर तो विचारतो, डोहाळे कसले लागलेत? आणि नवऱ्याच्या जिवाची घालमेल होऊ नये म्हणून ती पुन्हा पुन्हा एकच सांगते: पाणी.

(थोडं थांबून)

पाणी. फुकट मिळणारी एकच गोष्ट तिनं मागितली.

त्यात ‘पुणो वि’ आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा. याचा अर्थ तोही पुन्हा पुन्हा विचारतोय. पहिल्या उत्तरावर त्याचा विश्वास बसलेला नाही. तिला काय हवंय ते ती लपवते आहे हे त्याला कळतंय, आणि आपल्याला परवडणार नाही हे तिला कळतंय. दोघांमध्ये एवढं मोठं काहीतरी उभं आहे आणि बोललं जातंय फक्त पाण्याबद्दल. काश्मीरच्या आनंदवर्धनानं नवव्या शतकात ध्वनीची कल्पना मांडली, म्हणजे शब्दांच्या पलीकडे ऐकू येणारा अर्थ. ती समजावताना त्यानं या संग्रहातल्या गाथा उदाहरणाला घेतल्या, यात मला नवल वाटत नाही.

आता मला सांगा, होस्टेलवर राहणारी मुलगी फोनवर ‘काही नको बाबा, सगळं आहे’ म्हणते, तेव्हा ती काय म्हणत असते? दिवाळीला नवीन साडी घ्यायची म्हटलं की ‘माझ्याकडे आहेत की खूप’ म्हणणारी आई? ही गाथा वाचल्यापासून मला ‘काही नको’ हे शब्द पूर्वीसारखे ऐकूच येत नाहीत. मी दुसऱ्यांदा विचारतो. जमलं तर तिसऱ्यांदाही.

आणि देव? पुराणकथा? त्याही आहेत, पण कशा ते बघा.

यशोदा म्हणते, माझा दामोदर अजून लहान आहे हो. आणि गोकुळातल्या बायका कृष्णाच्या तोंडाकडे बघून गुपचूप हसतात. एवढीच गाथा. मुलगा मोठा झालाय हे गावाला कळलंय, आईला कळायचंय. दुसऱ्या एका गाथेत कृष्ण राधेच्या चेहऱ्यावरची, गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ फुंकर घालून काढतो. राधेचा उल्लेख असलेल्या अगदी जुन्या जागांपैकी ही एक. पुढे ‘गीतगोविंद’ लिहिणाऱ्या जयदेवानं, संतांनी जी राधा उभी केली तिची पहिली ओळख आपल्याला होते ती धुळीनं माखलेल्या चेहऱ्यानं.

संग्रहाची पहिलीच गाथा शंकराला वंदन करते. पण वंदन कशाला? त्याच्या ओंजळीला. तो संध्या करतोय, ओंजळीत पाणी आहे, आणि त्या पाण्यात गौरीचा रागानं लाल झालेला चेहरा उमटलाय. जणू अर्घ्याला घेतलेलं कमळच. राग कसला? संध्या ही स्त्री, आणि नवरा तिच्यापुढे हात जोडून उभा! प्रचलित पाठातली शेवटची गाथाही शंकराच्या ओंजळीपाशीच येते.

आणि सातशे गाथांत आणखी एक ओंजळ आहे, ती मला या दोन्हींइतकीच पवित्र वाटते. पाणपोईवर एक वाटसरू पाणी पितोय. नजर वर, पाणी घालणाऱ्या मुलीकडे. ओंजळीची बोटं त्यानं मुद्दाम फाकवलीत, पाणी गळत राहावं आणि पिणं लांबावं म्हणून. ती काय करते? धार बारीक करते. मग आणखी बारीक. कल्याणच्या बंदरातून नाणेघाट चढून जुन्नरकडे, पुढे पैठणकडे जाणारे असे कितीतरी वाटसरू असतील. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, त्यात यज्ञ आहेत, दानात दिलेल्या गाई आहेत. पाणपोईवरच्या मुलीला मात्र गाथेतच जागा मिळाली.

देवाची ओंजळ आणि वाटसरूची ओंजळ एकाच पुस्तकात, एकाच छंदात, शेजारीशेजारी. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. कैलासावरचं भांडण आपल्या घरातल्यासारखं, म्हणून आपल्या घरातलं भांडणही कवितेत मावण्याएवढं मोठं. आपलं रोजचं जगणं किरकोळ आहे, खरं काहीतरी दुसरीकडे घडतंय, असं वाटून मी खूप वर्षं काढली. या संग्रहानं ते हळूहळू सोडवलं.

आता ते कॅलेंडर.

मागच्या उन्हाळ्यात घरी गेलो होतो. आई तांदूळ निवडत बसली होती. तिला ही पहिली गाथा वाचून दाखवली, अर्थ सांगितला. ती निवडता निवडता म्हणाली, “अर्ध्या दिवसात भिंत भरली म्हणजे नवीनच लग्न झालेलं असणार तिचं.”

मग बराच वेळ काही बोलली नाही. सूप बाजूला ठेवलं.

“दूध आपल्याकडे एक दिवसाआड यायचं,” ती म्हणाली. “रेघ मी रोज मारायचे.”