‘सोडा दे, सोडा दे’

[दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवलेला मोबाईल. शेजारी निवडायला घेतलेली मेथी. गाणं सुरू होतं.]

मोबाईल पातेल्यात ठेवला की आवाज मोठा होतो, हा आमच्या घरचा शोध. आत्ता त्या पातेल्यातून जी बाई गातेय, तिचं नाव सेझारिया एव्होरा. ती ज्या भाषेत गातेय, ती या घरात कुणालाही येत नाही. तरी माझी सहा वर्षांची भाची तिच्याबरोबर मोठमोठ्यानं गाते. तिच्या मते गाण्याचे बोल आहेत, ‘सोडा दे, सोडा दे’. कुणीतरी दुकानात उभं राहून लिंबूसोडा मागतंय आणि दुकानदार देत नाहीये, असं काहीसं.

मूळ शब्द ‘सोदादे’. शेवटचा ‘ए’ कधी ऐकू येतो, कधी गायिका तो गिळून टाकते.

[दृश्य: पावसातली पणजी. फोंतेन्हासच्या गल्ल्या, पिवळ्या-निळ्या भिंती, ओघळणारी कौलं.]

मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते इथे, पणजीला, ओळखीच्या एका घरी. जुलैचा पाऊस होता, बाहेर पडायची सोय नव्हती. सगळं गाणं डोक्यावरून गेलं, एक नाव सोडून. सांव तोमे! हे तर मला माहीत होतं. त्या घरापासून पाच मिनिटांवर त्या नावाचा वाडा आहे, सकाळीच तिथून चालत आले होते. म्हटलं, वा, बाई पणजीचं गाणं गातेय. घरच्या काकी हसायला लागल्या. म्हणाल्या, “आगो, तें सांव तोमे न्हय गो. तें दर्यापल्याड.”

दर्यापल्याड म्हणजे किती पल्याड, ते कळायला मला पुढे काही वर्षं लागली. खरं सांगायचं तर मी चौकशीच केली नाही. न कळण्यातच मजा येत होती.

[दृश्य: अटलांटिक महासागराचा नकाशा. ठिपके मोठे होत जातात.]

आफ्रिकेचं पश्चिमेकडचं टोक धरा, सेनेगल. तिथून समुद्रात साधारण ६०० किलोमीटर गेलं की दहा बेटं लागतात. केप व्हर्डे. ‘व्हर्डे’ म्हणजे हिरवं, पण हे नाव समोरच्या मुख्य भूमीवरच्या एका भूशिरावरून उसनं घेतलेलं आहे. बेटं कोरडी. पाऊस आला तर आला.

पंधराव्या शतकात पोर्तुगीज इथे उतरले तेव्हा बेटांवर माणूस नव्हता. आले ते मालक, आणि त्यांनी आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. या दोघांच्या रोजच्या बोलण्यातून जी भाषा झाली ती क्रिओल. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण घडण स्वतःची. कचेरीत आजही पोर्तुगीज चालते. घरात, बाजारात, भांडणात आणि गाण्यात क्रिओल.

आणि गाणं म्हणजे मोर्ना. संथ चाल, बहुतेक मायनर सूर, साथीला गिटार, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि कावाकिन्यो नावाचं चार तारांचं चिमुकलं वाद्य. याच वाद्याचं एक भावंड १८७९ साली मादेइराच्या मजुरांबरोबर बोटीत बसून हवाईला गेलं आणि तिथे युकुलेले झालं. पण तो वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे. २०१९ मध्ये युनेस्कोनं मोर्नाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. यादीत नसतानाही ती चांगलीच होती.

[दृश्य: मिंडेलो बंदर. जुनी छायाचित्रं. मग रंगीत: धक्का, होड्या, दारूचे गुत्ते.]

हे मिंडेलो. साव व्हिसेन्ते बेटावरचं बंदर. एके काळी अटलांटिक ओलांडणाऱ्या आगबोटी कोळसा भरायला इथे थांबायच्या. बोटी थांबल्या की खलाशी उतरतात, खलाशी उतरले की गुत्ते चालतात, आणि गुत्त्यात कुणीतरी गायला लागतं. याच गावात २७ ऑगस्ट १९४१ ला सेझारियाचा जन्म झाला. ती सात वर्षांची असताना वडील गेले. दहाव्या वर्षी आईनं तिला अनाथाश्रमात ठेवलं. सोळा-सतराव्या वर्षी ती गुत्त्यांतून गात होती, बंदरात लागलेल्या बोटींवर जाऊनही गात होती.

१९७५ साली देश स्वतंत्र झाला. आपण म्हणू, आता हिचे दिवस पालटले असतील. उलट झालं. पुढची जवळपास दहा वर्षं ती गायलीच नाही म्हटलं तरी चालेल.

मग लिस्बनला जाणं झालं, तिथे जुझे दा सिल्व्हा भेटला. मूळचा केप व्हर्डेचा, राहणारा फ्रान्सचा. त्यानं तिला पॅरिसला नेलं. १९८८ मध्ये तिची पॅरिसमधली पहिली तबकडी निघाली तेव्हा ती ४७ वर्षांची होती. आपलं हे गाणं ज्यात आहे तो अल्बम १९९२ चा. पन्नाशी उलटल्यावर जगानं तिला ऐकलं. २००४ मध्ये ग्रॅमी मिळालं. आता तिच्या गावच्या विमानतळाला तिचं नाव आहे, आणि देशाच्या २००० एस्कुदोंच्या नोटेवर तिचा चेहरा.

[दृश्य: मैफलीचं चित्रण. रंगमंचावर लहान टेबल. गायिकेचे अनवाणी पाय.]

हिचे पाय बघा. अनवाणी. युरोपातल्या भल्याभल्या सभागृहांत ती अशीच उभी राहिली. आणि हे टेबल बघा. मैफलीच्या मध्यावर ती गायची थांबते, इथे येऊन बसते, सिगारेट पेटवते. साथीदार वाजवत राहतात. आपल्याकडे मध्यंतरात पडदा पडतो, चहा-बटाटेवड्याला पळापळ होते. हिचं मध्यंतर हजारो लोकांसमोर, धूर सोडत. मग सिगारेट विझवून ती उठते आणि पुढचं गाणं उचलते, जणू ओट्यावरचं दूध बघून परत आली.

गातेही तशीच. आवाज खालचा, जाड, कुठे चढवणं नाही, कंप देऊन सजवणं नाही. तालाच्या किंचित मागे रेलून चालते. कावाकिन्यो पुढे टिकटिकत असतो, ही मागून सावकाश येते, पण समेला कधी चुकत नाही.

[दृश्य: पुन्हा पातेलं, मोबाईल. आता फक्त आवाज.]

‘संगीताला भाषा नसते’ असं एक वाक्य अशा जागी हमखास येतं. या निवेदनाच्या पहिल्या खर्ड्यात मीही ते लिहिलं होतं. मग खोडलं. या गाण्याला भाषा आहे, चांगली पाचशे वर्षांची. येत नाही ती मला. यात गाण्याची थोरवी कसली?

न कळणारं गाणं ऐकायला आपण काही नवखे नाही. तराण्याला आपण मान डोलावतोच. ख्यालाच्या बंदिशीत ब्रज भाषेतली सासू-नणंद काय म्हणते, हे समोरच्या रांगेतल्या किती जणांना विचारलं तर सांगता येईल, देव जाणे. भीमसेन जोशींचं कन्नड ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ महाराष्ट्रात घरोघर वाजतं, आणि ‘बारम्मा’ म्हणजे ‘ये गं आई’ हे ठाऊक नसतानाही लोक हात जोडतात. पण तिथे निदान लक्ष्मी ओळखीची असते. धरायला खुंटी असते. क्रिओलमध्ये मला एकही खुंटी नव्हती. एक होती, सांव तोमे, आणि तीही चुकीच्या भिंतीवर.

अशा वेळी कान दुसरीकडे जातात. शब्द संपताना श्वास कुठे घेतला ते ऐकू येतं. एक अक्षर ओठांवर किती वेळ रेंगाळलं ते ऐकू येतं.

[दृश्य: वहीचं पान, जवळून. निळ्या शाईत देवनागरी अक्षरं, खाडाखोड.]

ही माझी वही. एका सुट्टीत बसून, गाणं मागेपुढे करत, ऐकू आलं तसं देवनागरीत उतरवलं. या ओळीत बघा, तीनदा खोडलंय. शब्द आहे ‘लोंज’. पण तो ‘ज’ आपला नाही. ‘जहाज’मधला नाही, ‘जेवण’मधला नाही. ‘श’ म्हणता म्हणता घशातून आवाज काढला तर जे होईल, ते. मराठीत त्याला अक्षर नाही. आधी झ लिहिला, मग श, शेवटी कंटाळून ज. त्या एका अक्षरापाशी बाईचा आवाज असा काही घासून जातो की मला त्यातच सगळं दुःख दिसायचं. प्रियकर सोडून गेला असणार, दुसरं काय!

‘लोंज’ म्हणजे दूर. हे जेव्हा वाचलं तेव्हा पुढचंही वाचावंच लागलं.

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. भेगाळलेली जमीन. कोकोचे मळे.]

प्रियकराचा संबंध नाही. निदान माझ्या डोक्यात होता तसला नाही. १९४० च्या दशकात या बेटांवर दुष्काळामागून दुष्काळ पडले, हजारो माणसं भुकेनं मेली. जगायचं तर बेट सोडायचं. तिकडे गिनीच्या आखातात पोर्तुगालचीच दुसरी बेटं होती, साओ टोमे. तेच ते सांव तोमे. तिथल्या कोको-कॉफीच्या मळ्यांना माणसं हवी होती. कंत्राटावर अंगठा उठवायचा आणि बोटीत बसायचं. या मजुरांना म्हणत ‘कोंत्रातादु’. आपल्याकडे ‘अ‍ॅग्रीमेंट’चं ‘गिरमिट’ झालं आणि रत्नागिरीकडची माणसं मॉरिशसच्या उसात गेली, त्यातलाच प्रकार. परत येणं कंत्राटात लिहिलेलं असायचं. सगळे परत यायचे असं नाही.

साव निकोलाव बेटावरच्या एका दुकानदारानं, आर्मांदो झेफेरिनो सोआरेस यानं, अशाच निघालेल्या लोकांना निरोप देताना हे गाणं रचलं. बरीच वर्षं तबकड्यांवर भलत्यांचीच नावं होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये गाणं त्याच्या नावावर झालं.

‘सोदादे’ म्हणजे दूर गेलेल्याची, दुरावलेल्याची हुरहूर. गाण्यात विचारलंय ते इतकंच, की हा लांबचा रस्ता तुला दाखवला कुणी. आणि मग एक ओळ येते, तिनं माझी झोप उडवली. तू मला पत्र लिहिलंस तर मीही लिहीन, तू मला विसरलास तर मीही विसरेन. तू परत येशील त्या दिवसापर्यंत.

मी इतकी वर्षं याला विनवणी समजत होते. ही विनवणी नाहीच. हा रोखठोक हिशोब आहे. पुन्हा गाणं लावलं आणि लक्षात आलं, बाईचा आवाज खरंच कुठे गळा काढत नाही. सुरुवातीपासून तो सरळच होता. रडणं मी माझ्या पदरचं घातलं होतं.

[दृश्य: स्वयंपाकघर. मेथी निवडणारे हात. चेहरा दिसत नाही.]

आईला मी हे गाणं काहीच न सांगता ऐकवलं होतं. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, “कोण गेलंय हिचं?”

मला भरून आलं. नंतर विचार केला, यात चमत्कार काही नाही. संथ लय, खालचा सूर, बाईचा आवाज. कुणीही हेच विचारेल.

मग मी तिला ती पत्रांची ओळ मराठीत सांगितली. तिचे हात थांबले. म्हणाली, “मग? बरोबरच आहे. एकटीनंच का लिहायचं?”

आणि जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगायला लागली. आजोबा मुंबईत गिरणीत, आजी वेंगुर्ल्याला. महिन्याला मनीऑर्डर यायची. तिच्या खाली कुपन असायचं, त्यावर दोन ओळी. ‘येथील सर्व क्षेम. मुलांस जपणे.’ दर महिन्याला त्याच दोन ओळी. एका वर्षी आजीनं उत्तर पाठवणं बंद केलं. चार महिने. पाचव्या महिन्याच्या कुपनावर तिसरी ओळ आली.

“काय होती?”

“मला काय माहीत? आईनं दाखवली का कुणाला! ट्रंकेत ठेवली.”

[दृश्य: पातेल्यात मोबाईल. गाणं शेवटाकडे. भाची ओट्याशी उभी, टाचा उंचावून.]

सेझारिया १७ डिसेंबर २०११ ला गेली, मिंडेलोतच. आमच्याकडे ती आठवड्यातून दोनदा तरी गाते. मला आता तिचं साओ टोमे नुसता नाद म्हणून ऐकता येत नाही. बोट दिसते. याच अल्बममधल्या दुसऱ्या एका गाण्याचे बोलही मी वहीत उतरवलेत, शेजारचा अर्थाचा रकाना अजून कोरा आहे.

भाचीला आई म्हणाली, “अगं, सोडा नाही गं ते.”

“मग काय आहे?”

आईनं माझ्याकडे बघितलं. मी मेथीकडे.

“सोडाच आहे,” भाची म्हणाली, आणि पातेलं दोन्ही हातांनी कानाला लावलं.