शेवटची दहा मिनिटं

(दृश्य: सांगली. मारुती चौकाच्या मागची गल्ली. एका बैठ्या घराची भिंत. नव्या रंगाखालून पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. कॅमेरा रेघेवरून सरकत आतल्या खोलीत येतो.)

निवेदन:

ही रेघ ऑगस्ट २०१९ ची. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही विश्रामबागेत मामाकडे होतो. पाणी ओसरल्यावर परत आलो तर या खोलीत घोट्याच्या वर गाळ होता आणि टेबलाखाली माझा जुना कॉम्प्युटर आडवा पडलेला. निघताना घाईघाईत शेगडी माळ्यावर टाकली, धान्याचे डबे टाकले, टीव्ही टाकला. कॉम्प्युटर तेवढा राहिला.

कॅबिनेट उघडलं तर फॅनच्या पात्यांमध्ये गाळ वाळून बसला होता. हार्ड डिस्क पुसली, आठवडाभर तांदळाच्या डब्यात ठेवली, मग दुकानात नेली. दुकानदारानं ती हातात घेऊन एकदा उलटीपालटी केली आणि नुसती मान हलवली.

त्या डिस्कवर कॉलेजचे फोटो होते, प्रोजेक्टचा रिपोर्ट होता. आणि एका फोल्डरमध्ये 'मास इफेक्ट' या गेमच्या सेव्ह फाइल होत्या, २००८ पासून २०१२ पर्यंतच्या. सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते त्या फोल्डरचं. हे तेव्हा मी घरात कुणाला बोललो नाही.

(दृश्य: अंधाऱ्या खोलीत मॉनिटरचा उजेड. स्क्रीनवर तारे.)

निवेदन:

गेम न खेळलेल्यांसाठी थोडं सांगतो. कॅनडातल्या एडमंटन शहरात बायोवेअर नावाची कंपनी आहे. तिनं तीन भागांत एक गोष्ट सांगितली. पहिला भाग २००७ चा, दुसरा २०१० चा, तिसरा मार्च २०१२ चा. आपण कमांडर शेपर्ड. पुरुष की बाई, ते आपण ठरवायचं. आपलं जहाज नॉर्मंडी. आणि समोर रीपर, म्हणजे डोंगराएवढी जिवंत यंत्रं. दर ५० हजार वर्षांनी ती येतात आणि आकाशगंगेतली प्रगत झालेली प्रत्येक जमात कापून नेतात.

गोष्ट म्हणून यात फार नवं नाही. नवी होती ती सेव्ह फाइल. पहिल्या भागात जे केलं ते दुसऱ्यात चालत यायचं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. कुणाला सोडून दिलं, कुणाला मारलं, कुणाशी कसं बोललो, सगळं त्या फाइलमध्ये लिहिलेलं.

पहिल्या भागात विरमायर नावाच्या ग्रहावर आपले दोन सहकारी दोन ठिकाणी अडकतात, आणि आपण एकाच ठिकाणी पोहोचू शकतो. मी तेव्हा अकरावीत होतो. गेम थांबवून गच्चीवर गेलो, बराच वेळ टाकीला टेकून उभा राहिलो, मग खाली येऊन अ‍ॅशलीला वाचवलं. कायडन गेला. दुसऱ्या भागात तो नव्हता. तिसऱ्या भागात नॉर्मंडीवर मेलेल्यांच्या नावांची एक भिंत आहे, तिथं त्याचं नाव होतं. मित्राच्या कॉम्प्युटरवर त्याच जागी अ‍ॅशलीचं नाव. आम्ही दोघं एकच गेम खेळत होतो, पण आमच्या भिंती वेगळ्या होत्या.

(दृश्य: विष्णुदास भावे नाट्यगृह, बाहेरून. संध्याकाळ.)

निवेदन:

या गावात ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सादर केलं. मराठी रंगभूमी तिथून मोजतात. सांगलीत वाढलेल्या प्रत्येकाला ही तारीख शाळेतच पाठ होते. त्या नाटकाची रीत मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तिचंच अप्रूप आहे. पदं सूत्रधार म्हणायचा. पात्रांना लिहिलेली भाषणं नव्हती. राम झालेल्या नटानं, राक्षसपार्टीतल्या नटानं, पद ऐकून आपापल्या शब्दांत बोलायचं. कथा ठरलेली, बोलणं नटाचं.

शेवट सगळ्या गावाला ठाऊक होता. धनुष्य मोडणार, सीता रामालाच माळ घालणार. तरी माणसं यायची. तेव्हा ठरलेल्या शेवटाचं आपल्याला वावडं नाही, हे मी सांगलीकर म्हणून छातीठोकपणे सांगतो. दुःखाच्या शेवटाचंही नाही. शेपर्ड मरणार हे आम्ही मित्रांनी दुसऱ्या भागानंतरच धरून ठेवलं होतं.

मग बिनसलं कुठं?

(दृश्य: तिसऱ्या भागातलं तुचांका. राखेचं आभाळ, मधोमध उंच मनोरा.)

निवेदन:

तिसरा भाग वाईट होता असं कुणी म्हटलं की मला राग येतो. तुचांका हा ग्रह पाहा. क्रोगन ही तिथली लढवय्यी जमात. ती फार वाढू नये म्हणून सॅलेरियन या दुसऱ्या जमातीच्या शास्त्रज्ञांनी बनवलेला एक रोग तिच्यावर सोडला गेला, जेनोफेज. बहुतेक गर्भ जगतच नाहीत. मॉर्डिन हा भराभर बोलणारा म्हातारा सॅलेरियन दुसऱ्या भागात आपल्या जहाजावर येतो. या रोगाचा जोर कमी व्हायला लागला तेव्हा त्यानंच तो पुन्हा घट्ट केला होता. तिसऱ्या भागात तोच त्यावरचा उतारा घेऊन कोसळत्या मनोऱ्यात वर जातो. लिफ्टचं दार लागतं. वर तो एकटा, स्वतःशीच गाणं गुणगुणत काम करतो. गाणं अर्ध्यावर तुटतं. मग उतारा पावसासारखा खाली यायला लागतो आणि क्रोगन आभाळाकडे तोंड करून उभे राहतात.

त्या रात्री आम्ही तिघं याच खोलीत होतो. कुणी बोललं नाही. मित्र उठला, चप्पल घातली आणि 'उद्या येतो' एवढंच म्हणून गेला.

त्यानंतर रॅनॉक हा ग्रह. क्वेरियन लोकांनी गेथ ही यंत्रं बनवली आणि तीनशे वर्षांपूर्वी त्याच यंत्रांनी त्यांना घरातून हाकललं. या दोघांत समेट होऊ शकतो, पण आधीच्या भागात क्वेरियन ताली आणि गेथ लीजन या दोन्ही सोबत्यांची कामं नीट केलेली असतील तर. माझ्या फाइलमध्ये ती होती. समेट झाला. दोन वर्षांपूर्वी रात्री जागून केलेल्या कामाचं फळ असं पदरात पडताना पाहिलं की आपण खेळतोय हे विसरायला होतं.

आणि मग शेवटची दहा मिनिटं.

(दृश्य: पांढऱ्या उजेडात एक लहान मुलगा. समोर तीन वाटा.)

निवेदन:

रक्तबंबाळ शेपर्ड सिटाडेल या प्रचंड अंतराळस्थानकाच्या माथ्यावर पोहोचतो. तिथं लहान मुलाच्या रूपात एक यंत्रबुद्धी भेटते. गोष्टीत आधी कधी न आलेली. ती सांगते की यंत्रं आपल्या निर्मात्यांवर उलटणारच, म्हणून दर ५० हजार वर्षांनी ही कापणी. आणि आम्ही आत्ताच गेथ आणि क्वेरियनांचा समेट घडवून आलेलो! खाली पृथ्वीसाठी ते दोघं खांद्याला खांदा लावून लढतायत! पण 'अरे बाबा, जरा तिकडं बघ' एवढं म्हणायची सोयच ठेवलेली नव्हती. सगळ्या गेममध्ये बोलून माणसं वळवणारा शेपर्ड नेमका इथं मुका.

तीन वाटा. रीपर नष्ट करायचे, पण सोबत गेथही जातील. रीपर ताब्यात घ्यायचे. किंवा जीव आणि यंत्र यांचं एकच मिश्रण करायचं. कुठलीही वाट घ्या, पुढं दिसायचं जवळपास एकच: एकदा लाल स्फोट, एकदा निळा, एकदा हिरवा. मास रिले, म्हणजे एका सूर्यमालेतून दुसरीत झेप घ्यायची यंत्रं, फुटतात. २०११ च्या एका जोडभागात एक रिले फुटल्यावर अख्खी सूर्यमाला आणि बटेरियन जमातीचे तीन लाख जीव नष्ट झालेले आम्ही पाहिले होते. मग आता सगळे रिले फुटले म्हणजे काय झालं? उत्तर नाही. शेवटच्या धावेत आपल्याबरोबर असलेले सोबती जंगलातल्या एका ग्रहावर नॉर्मंडीतून बाहेर पडतात. ते जहाजावर गेले कधी? उत्तर नाही. शेवटी एक पाटी: शेपर्डची कथा पुढच्या विकतच्या भागांतून वाढवत राहा.

मी हिरवी वाट घेतली होती. गेथना मारायचं माझ्या जिवावर आलं.

'भावा, एवढंच?' मित्र म्हणाला. दुसरा की-बोर्डकडे बघत होता. बाहेर लोडशेडिंग सुरू झालं आणि यूपीएस टीं-टीं करायला लागला. मी तो बंद केला, आणि आम्ही अंधारात बसून राहिलो.

शेवट दुःखी होता म्हणून आम्ही चिडलो नव्हतो. चार वर्षं तुमचा हिशेब आम्ही ठेवतोय असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी शेवटच्या पानावर आमची वही उघडलीच नाही. गेम येण्याआधी मुख्य दिग्दर्शक केसी हडसन मुलाखतीत सांगत होते की शेवट अ, ब किंवा क असा निवडायचा नसेल. हाती आलं ते अ, ब आणि क.

(दृश्य: नकाशावर सांगलीतून जगभर जाणारे ठिपके.)

निवेदन:

एका खोलीत आम्ही तिघं चिडलो, तसे जगभर हजारो चिडले. कुणी 'रीटेक मास इफेक्ट' नावाची मोहीम काढली आणि त्या नावानं आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या 'चाइल्ड्स प्ले' संस्थेला ८० हजार डॉलरहून जास्त जमवून दिले. कुणी एडमंटनच्या ऑफिसात सुमारे चारशे कपकेक पाठवले: लाल, निळे आणि हिरवे. आतून सगळ्यांची चव एकच, व्हॅनिला. याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. कंपनीनं ते केक तिथल्या बेघर तरुणांच्या निवाऱ्याला देऊन टाकले.

काहींनी मात्र लेखकांना वैयक्तिक शिव्या घातल्या. ते वाईट होतं आणि आमच्यापैकीच लोकांनी ते केलं. ज्यानं मॉर्डिनचं मरण लिहिलं त्याचं हे देणं नव्हतं.

२१ मार्चला कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, डॉ. रे मुझिका, यांनी चाहत्यांना पत्र लिहिलं. २६ जून २०१२ ला वाढवलेला शेवट आला, फुकट.

फुकट, पण जवळपास दोन जीबी. आमच्या ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ हिशेब नसायचा. दोनचा गजर लावायचा, डाउनलोड चालू करायचं, आठच्या आत बंद करायचं. तिसऱ्या पहाटे ते पूर्ण झालं. याच इंटरनेटपायी आधीही एक गोष्ट हुकली होती. मल्टिप्लेअर, म्हणजे नेटवरून इतरांबरोबर, खेळल्याशिवाय आपल्या सैन्याची ताकद निम्मीच धरायचे, आणि शेपर्ड जगल्याची एक छोटीशी खूण दिसायला मोठा आकडा लागायचा. सांगलीतल्या आमच्या तारेवर मल्टिप्लेअर कुठलं चालायला? वाढवलेल्या शेवटात ती अट खाली आणली.

मूळ शेवट त्यांनी बदलला नाही. पण सोबती जहाजावर कसे गेले ते दाखवलं. रिले दुरुस्त होताना दाखवले. आपण वाचवलेल्या जमातींचं पुढं काय झालं त्याची चित्रं आली. माझ्या चित्रांत क्रोगनांची पिल्लं होती. नाटक संपताना भरतवाक्य हवं असतं. प्रेक्षकाला उठून घरी जाता यावं म्हणून ते असतं. मार्चमध्ये आम्ही तिघं उठूच शकलो नव्हतो.

आणि ती भिंत पुन्हा आली. नावांची. शेपर्डची सोबती लियारा हातात त्याच्या नावाची पाटी घेऊन उभी. तिनं ती हळूच भिंतीवर लावली.

(दृश्य: पुन्हा तीच खोली, २०२१. नवा कॉम्प्युटर आता छातीच्या उंचीच्या फळीवर.)

निवेदन:

१४ मे २०२१ ला तिन्ही भाग एकत्र, नव्यानं रंगरूप करून आले. लॉकडाउन होता. माझी धाकटी बहीण २०१२ मध्ये पाचवीत होती आणि आम्ही तिला खोलीबाहेर काढायचो. आता ती खेळायला बसली. मूळ गेममधल्या जुन्या सेव्ह या आवृत्तीत चालत नाहीत, म्हणजे माझी डिस्क वाचली असती तरी उपयोग नव्हता. ते कळल्यावर मनावरचं काहीतरी हलकं झालं.

तिची शेपर्ड बाई. सोबती गॅरस. विरमायरवर तिनं कायडनला वाचवलं, आणि मी नुसतं 'का गं?' विचारलं तर दोन दिवस मला खोलीत येऊ दिलं नाही. रॅनॉकवर तिनंही समेट घडवला. आणि तरी शेवटी लाल वाट घेतली. गेथ जातील हे माहीत असून. घेताना ती रडत होती. 'मॉर्डिन गेला, शेपर्डचे साहेब अँडरसन गेले, ते कशासाठी? ते पोरगं सांगतंय म्हणून आपण रीपरांना जिवंत ठेवायचं?' असं ती म्हणाली. मला नऊ वर्षांत हे सुचलं नव्हतं.

मल्टिप्लेअर या आवृत्तीत काढून टाकलंय. तिची सगळी ताकद पूर्ण धरली गेली.

चित्रं सरकली. मग भिंत. गॅरस पाटी घेऊन भिंतीसमोर. त्याचा हात वर गेला आणि मध्येच थांबला. त्यानं पाटी लावलीच नाही.

'दादा, का थांबला रे तो?'

मी काही बोललो नाही, स्क्रीनकडे बोट केलं. ढिगारा. त्यात चिलखताचा तुकडा, छातीवर एन-सात, शेपर्डच्या चिलखतावरची खूण. छाती एकदा वर आली.

त्या जुलैत कृष्णेला पुन्हा पाणी आलं. पुलावरचा आकडा चाळिसाच्या पुढं सरकला तशी आईनं बांधाबांध सुरू केली. बहिणीनं सेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळली आणि आईच्या स्टीलच्या डब्यात, घराच्या खरेदीखताच्या खाली ठेवली. आईनं डबा उघडून पाहिलं, काही विचारलं नाही, झाकण दाबून लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

(दृश्य: माळा. स्टीलचा डबा.)