९०७ सामन्यांनंतर

श्रोतेहो, नमस्कार.

आइस हॉकीत बचावपटूचे काम असे असते की ते चोख झाले तर सांगण्यासारखे काहीच घडत नाही. रबराची, सुमारे १७० ग्रॅम वजनाची, गोठवून टणक केलेली चकती गोलाच्या दिशेने सुसाट निघते, तेव्हा तिच्या वाटेत गुडघा टेकवून ती अंगावर घ्यायची, पाऊण मिनिटात छाती भरून आली की बाकावर परतायचे आणि श्वास जागेवर येतो न येतो तोच कठड्यावरून पुन्हा बर्फावर उडी टाकायची. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या रॉन हेन्सी यांनी नॅशनल हॉकी लीगमध्ये ११३२ साखळी सामने हेच काम केले.

२००० साली नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत माँट्रियलने त्यांना निवडले ते तेराव्या क्रमांकावर, म्हणजे अपेक्षा थोड्याथोडक्या नव्हत्या. पण तिथे त्यांचे बस्तान बसले नाही आणि उमेदीचा बराच काळ हॅमिल्टनच्या दुय्यम संघात गेला. खालच्या लीगमध्ये धाडायच्या अनुभवी खेळाडूला सहसा आधी इतर संघांपुढे ठेवावे लागते आणि कोणी मागितले तर तो तिकडे जातो. नोव्हेंबर २००५ मध्ये कोलंबसने हेन्सींना असेच उचलले. २००८ मध्ये ते अटलांटाला गेले, २०११ मध्ये तो अख्खा संघच विनिपेगला हलला तेव्हा तेही हलले, आणि २०१३ मध्ये कॅरोलायनात आले.

त्यांची कीव करण्याचे मात्र कारण नाही, कारण अटलांटाशी झालेला करार पाच वर्षांचा आणि सव्वादोन कोटी डॉलरचा होता. उणीव होती ती वेगळीच. तीसपैकी सोळा संघ दरवर्षी बाद फेरीत जात, आणि कोलंबसपासून पुढे हेन्सींचा संघ कधीच त्या सोळांत नसे. त्यांनी कोलंबस सोडले आणि पुढच्याच मोसमात तो संघ इतिहासात पहिल्यांदा बाद फेरीत पोहोचला. विनिपेग सोडल्यावर दोन वर्षांत तो संघही पोहोचला. याला योगायोग म्हणावे, पण ज्याच्या वाट्याला तो येतो त्याला तसे वाटत असेल का, याची मला शंका आहे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गने त्यांना घेतले. त्या संघाचा आघाडीचा बचावपटू क्रिस लेटँग मानेच्या शस्त्रक्रियेमुळे बाद फेरीला मुकला, तेव्हा भरवशाच्या, न डगमगणाऱ्या माणसाची खरी गरज पडली. ९०७ साखळी सामने खेळून झाल्यावर, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, हेन्सी बाद फेरीतला पहिला सामना खेळले. बाद फेरीची इतकी प्रतीक्षा त्याआधी लीगमधल्या कोणत्याच खेळाडूला करावी लागली नव्हती, आणि समोर संघ होता कोलंबस!

नॅशव्हिलविरुद्धच्या अंतिम लढतीत, पाचव्या सामन्यात, त्यांनी स्वतः एक गोलही केला. ११ जूनला पिट्सबर्ग विजेता ठरल्यावर कर्णधार सिडनी क्रॉस्बीने सुमारे साडेपंधरा किलोंचा तो स्टॅनली चषक उंचावला, बर्फावर एक फेरी मारली आणि प्रथेप्रमाणे पुढच्या खेळाडूच्या हाती दिला. संघात नामवंतांची रांग होती, पण त्याने निवडले ते चार महिन्यांपूर्वी आलेल्या हेन्सींना.

त्यानंतर ते दोन मोसम टोरांटोकडून आणि शेवटचा ऑटावाकडून खेळले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे खेळ थांबला. तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा बाद फेरीसाठी बोलावलेल्या संघांत ऑटावा नव्हते.