बँडच्या तालावर बोळवण

नमस्कार श्रोतेहो.

‘बोळवण’ हा आपल्याकडचा मोठा गमतीचा शब्द आहे. लेक सासरी निघाली की तिची बोळवण करतात. ओटीत खण-नारळ, हातावर दही, आणि आईचा पदर डोळ्यांना. पण दारातून हलायला तयार नसलेल्या माणसाला काहीतरी हातावर टेकवून वाटेला लावतात, तीही बोळवणच. एकीत जीव तुटतो, दुसरीत जीव सुटतो, आणि शब्द मात्र एकच. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, शनिवारी, मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापाशी ही दोन्ही अर्थांची बोळवण एकदमच झाली. तीही बँडवर. तिच्याविषयी आज बोलणार आहे.

त्या दिवशी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन हिंदुस्थान सोडून निघाली. ही इथून जाणारी शेवटची ब्रिटिश पलटण. पहिली तुकडी स्वातंत्र्यानंतर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४७ ला, ‘जॉर्जिक’ बोटीनं मुंबईहूनच गेली होती. म्हणजे जाणं सहा महिने चाललं होतं, पण लक्षात राहिला तो शेवट. भारतीय नौदलाचे खलाशी आणि शीख, गुरखा, मराठा अशा आपल्या पलटणींचे जवान मानवंदनेला उभे होते. ‘सलामी शस्त्र’ झालं. सॉमरसेटवाल्यांना गेटवेची चांदीची प्रतिकृती भेट मिळाली. दोन्ही सैन्यांतल्या शिपायांच्या सोबतीची आठवण म्हणून तिच्यावर १७५४ ते १९४७ अशी सालं कोरली होती. शिपायांच्या सोबतीची आठवण बरं का, राज्यकर्त्यांच्या नव्हे. हा फरक ज्यानं केला त्याला शब्द कळत होते.

मग पलटणीची निशाणं घेतलेली तुकडी कमानीकडे निघाली, आणि भारतीय बँडनं ‘ऑल्ड लँग साइन’ हे जुन्या मैत्रीचं स्कॉटिश निरोपगीत धरलं.

इथं चाल नीट डोळ्यांसमोर आणायला हवी. लाइट इन्फंट्री म्हणजे झपाझप चालणारं पायदळ. साधी पलटण मिनिटाला एकशेवीसच्या आसपास पावलं टाकते, तर ही मंडळी एकशेचाळीस. आपली मराठा लाइट इन्फंट्रीही त्याच वाणाची. बेळगावला कधी त्यांचं संचलन पाहिलंत तर नुसतं बघूनच धाप लागते. पण निशाणाबरोबर संथ चालायचं असतं. आपल्या फौजेत त्याला हुकूम आहे ‘धीरे चल’. वेग निम्म्यावर येतो. पाय जमिनीलगत पुढं सरकतो, चवडा खाली झुकतो, क्षणभर सगळं अंग एका पायावर तोललेलं राहतं, आणि मग मोठ्या ढोलाच्या ठोक्यावर पाऊल टेकतं. पळणाऱ्या माणसाला असं चालवलं की प्रत्येक पाऊल त्याला मोजावं लागतं. समोर कमान, कमानीपलीकडे पायऱ्या, पायऱ्यांशी लाँच, आणि बंदरात उभी ‘एम्प्रेस ऑफ ऑस्ट्रेलिया’.

ही कमान तरी कुठली? १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहा इथं उतरला, त्याची आठवण म्हणून बांधलेली. बादशहा आला तेव्हा दगडाची कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची नुसती शोभा उभी केली होती. विटेट साहेबाच्या आराखड्याची खरी इमारत पुरी व्हायला १९२४ उजाडलं. आणि चोविसाव्या वर्षी त्याच कमानीतून शेवटची पलटण बाहेर. स्वागताची कमान पुरती जुनीही झाली नव्हती.

आता मला खरं कुतूहल आहे ते वाजवणाऱ्यांचं. निघणारा स्वतःचा निरोप स्वतः वाजवू शकत नाही. तो यजमानानं वाजवायचा असतो, आणि काय वाजवायचं हेही त्यानंच ठरवायचं. विजयाची एखादी धून वाजवता आली असती. कुणी नावं ठेवली नसती. त्याच बंदरात जेमतेम दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १९४६ मध्ये, नौदलाच्या खलाशांनी ‘तलवार’ या नाविक तळावरून बंड पुकारलं होतं. त्यांना पाठिंबा द्यायला रस्त्यावर उतरलेल्या मुंबईकरांवर गोऱ्या सोल्जरांनी गोळ्या झाडल्या आणि दोनशेहून जास्त माणसं मेली. त्याच नौदलाची तुकडी आता मानवंदनेला. त्यातून गांधीजींना जाऊन महिनाही झाला नव्हता. अशा वेळी गर्दीसमोर जुन्या मैत्रीची धून वाजवायची म्हणजे छातीच हवी. का वाजवली असेल? थोडा रिवाज, थोडी लष्करी बिरादरी; इंफाळला, इटलीत एकत्र लढलेली माणसं होती ती. आणि थोडा, मला वाटतं, यजमानपणाचा तोरा. तुम्ही जाताय, आम्ही पोचवतोय; घर आता आमचं आहे. ज्याचं घर असतं तोच दारापर्यंत पोचवायला येतो.

याच सॉमरसेटवाल्यांच्या खात्यात बँडच्या आणखी दोन गोष्टी जमा आहेत, आणि त्या ऐकल्याशिवाय त्यांना बोटीत बसवणं बरं नव्हे. शंभर वर्षं मागं चला. तेव्हा ही पलटण तेरावी म्हणून ओळखली जाई आणि अफगाणिस्तानात जलालाबादच्या किल्ल्यात वेढ्यात अडकली होती. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून इंग्रजांची फौज माघारी निघाली. लढणारे साडेचार हजार, आणि बरोबर नोकरचाकर, बायकापोरं मिळून बारा हजार. १३ तारखेला डॉक्टर ब्रायडन नावाचा एक जखमी गोरा मरणाला टेकलेल्या तट्टावरून जलालाबादच्या तटाशी पोचला. मागून आणखी कुणी येत असेल, अंधारात वाट चुकेल, म्हणून तटावर दिवे लावले आणि तेराव्या पलटणीच्या बिगुलवाल्यांना रात्रभर बिगुल वाजवत ठेवलं. एक रात्र नव्हे, अनेक रात्री. कुणी आलं नाही. वाऱ्यात, रिकाम्या मैदानाकडे तोंड करून वाजवलेला तो बिगुल. त्या माघारीत मेलेल्यांत बहुतेक इथलेच होते, हिंदुस्थानी शिपाई आणि त्यांचे भिस्ती, मोतद्दार, हमाल. हे सांगायला इंग्रज कथाकार कधीकधी विसरतो.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी आहे. वेढा उठवायला जनरल पोलॉकची कुमक अखेर १६ एप्रिलला पोचली. पण ७ एप्रिललाच किल्ल्यातल्यांनी बाहेर पडून वेढा घालणाऱ्या अफगाण अकबरखानाला स्वतःच पळवून लावलं होतं! तेव्हा तेराव्याचा बँड कुमकेला सामोरा गेला आणि त्यानं एक जुनी स्कॉटिश चाल वाजवली. तिचे बोल साधारण असे, की अहो, यायला फारच उशीर केलात की. लग्नातल्या सगळ्या पंगती उठल्यावर उगवलेल्या व्याह्याला आपण म्हणतो ना, तसं. शब्द न उच्चारता टोमणा मारायचा तर बँडसारखं साधन नाही. तक्रार कुणाकडे करणार?

असा टोमणा निरोपातही बसतो. १९६७ च्या नोव्हेंबरात अरबस्तानातल्या एडन बंदराचा शेवटचा ब्रिटिश हाय कमिशनर विमानतळावर निघाला, तेव्हा रॉयल मरीन्सच्या बँडनं लंडनच्या एका संगीत नाटकातलं ‘आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही’ अशा अर्थाचं गाणं वाजवलं. तिथं यजमान पोचवायला आलेच नव्हते. आपलंच वाजवून आपणच निघावं लागलं. बर्लिनमध्ये ३१ ऑगस्ट १९९४ ला रशियन फौजा गेल्या, तेव्हा यजमान जर्मनांच्या पोलीस बँडपुढं रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी बँडमास्तरची काठीच हिसकावून घेतली आणि हातवारे करत स्वतः बँड चालवला. जग हसलं, रशियन शिपायांच्या मानेचं काय झालं असेल ते त्यांनाच ठाऊक. आणि गोव्यात? १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गव्हर्नरनं शरणागती दिली, त्यांचे सैनिक छावण्यांत राहिले, मे १९६२ मध्ये मायदेशी गेले. तिथं निरोपाच्या समारंभाचा प्रश्नच नव्हता. ज्या भूमीनं अर्ध्या हिंदुस्थानच्या बँडांना वादक पुरवले, तिथली ही बोळवण वाद्याविना.

असो. गेटवेवरची ती चाल मात्र बोटीत बसली नाही, ती इथंच राहिली. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलन असतं. खेत्रपाल परेड ग्राउंडवर सगळा सोहळा झाला की तीन वर्षं पुरी केलेले कॅडेट संथ पावलांनी ‘अंतिम पग’ ओलांडून बाहेर पडतात, आणि बँडवर वाजत असतं तेच ‘ऑल्ड लँग साइन’.

मी एकदा गेलो होतो. शेजारच्या काकूंचा नातू पास होत होता, आणि काकूंना आधार द्यायला कुणीतरी हवं होतं. काकू पंच्याऐंशीच्या, पेटी वाजवणाऱ्या, गावच्या देवळात वर्षानुवर्षं भजनाला साथ केलेल्या. ‘धीरे चल’ सुरू झालं. चारशे-पाचशे बुटांचा तो एक आवाज, जमिनीतून वर येणारा. मी त्यांना गेटवे, १९४८, सॉमरसेट असं काहीबाही सांगू लागलो. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मांडीवर त्यांची बोटं हलत होती, पट्ट्यांवर हलावीत तशी.

‘‘अरे, यात मध्यम नाही आणि निषादही नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सा रे ग प ध. भूपाचेच स्वर की रे हे. ही काय जायच्या वेळची चाल आहे? आमच्याकडे या स्वरांवर माणसाला उठवतात.’’

घरी येऊन मी त्यांच्याच पेटीवर वाजवून पाहिलं. खालच्या पंचमावरून षड्जावर, मग गंधार, रिषभ. एकदाही बोट मध्यमाला लागलं नाही. काकू आतून चहा टाकता टाकता ओरडल्या, ‘‘लय जरा वाढव!’’